पळणाऱ्या सोलापूरकरांनो, आधी श्वास सोडायला शिका

कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता चालणाऱ्यांनी भरून जातो. पंचेचाळीस किलोमीटरचं अंतर, रात्रभर चाल, वाटेत ठिकठिकाणी चहा-फराळाची सोय. पायांवर भरवसा ठेवायला या गावाला कुणी शिकवावं लागत नाही. अलीकडच्या वर्षांत त्यात पळणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची भर पडली आहे. पहाटे विजापूर रोडला, होटगी रोडला पळणाऱ्यांचे घोळके दिसतात. रविवारी तुळजापूर नाहीतर अक्कलकोट करून सायकलवाले नाश्त्याला घरी परततात. अशाच एखाद्या घोळक्यात कुणीतरी ट्रायथलॉनचा विषय काढतो आणि दोन-चार जणांच्या डोक्यात तो घर करून बसतो.

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. सोलापूरचा सायकलवाला लगेच हिशेब मांडतो: नव्वद म्हणजे तुळजापूरला जाऊन परत. अर्धमॅरेथॉन तर झालेलीच आहे. राहता राहिलं पोहणं. ते काय, दोन महिन्यांत शिकू! चाळिशीतल्या माणसाची गाडी नेमकी इथे अडते. ज्या शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत आलं, तिथे मोठेपणी पोहायला शिकण्याचा योग फारसा आला नाही तर नवल नाही.

मुळात सुरुवात गोव्यापासून करूच नये. ट्रायथलॉनमध्ये 'स्प्रिंट' नावाचं छोटं अंतर असतं: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. त्याच्या दुप्पट म्हणजे ऑलिम्पिक अंतर. सोलापूरहून चार-पाच तासांवरच्या कोल्हापुरात राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा ठेवून ट्रायथलॉन होत आलेल्या आहेत. पहिली स्पर्धा अशा जवळच्या, गोड्या आणि शांत पाण्यातली निवडावी. काही स्पर्धांमध्ये रिलेचीही सोय असते. तिघांपैकी आपण फक्त सायकल चालवायची आणि पोहणाऱ्या सोबत्याकडे डोळे उघडे ठेवून बघायचं, असं एक वर्ष काढलं तरी बिघडत नाही.

आता थोडी धीर देणारी आकडेमोड. गोव्याच्या स्पर्धेत पोहण्यासाठी एक तास दहा मिनिटं मिळतात. म्हणजे दर शंभर मीटरला तीन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. तरबेज पोहणाऱ्याला हा वेग हास्यास्पद वाटेल, पण नवशिक्याला आवाक्यातला आहे. शंभर मीटरला तीन मिनिटं लावणारा माणूसही सत्तावन्न मिनिटांत बाहेर येतो. स्पर्धेची एकूण मुदत साडेआठ तासांच्या आसपास असते. त्यातला पोहण्याचा वाटा तासाभराचा. तिथे पाच मिनिटं वाचवण्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही. पाण्यातून ताजेतवाने बाहेर पडणं एवढंच पहिल्या स्पर्धेचं काम.

आणि नेमकं तेच पळणाऱ्याला जमत नाही. तलावावर तो ओळखू येतो. पोट सपाट, पोटऱ्या दगडासारख्या. पंधरा किलोमीटर गप्पा मारत पळणारा हा गडी पंचवीस मीटर पोहतो आणि कठड्याला लोंबकळून धापा टाकतो. शेजारून साठीच्या एखाद्या काकू संथपणे दहावा लॅप पुरा करून जातात. त्याचा समज होतो की आपला दम कमी पडतोय. दम भरपूर असतो. अडचण श्वास अडकवून ठेवण्यात असते.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नवशिका पाण्यात तोंड घालताना छाती भरून घेतो आणि हवा आत दाबून धरतो. मग तोंड वर आल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदात आधी जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, अशी दोन कामं एकदम येऊन पडतात. दोन्ही अर्धवट होतात. चार-पाच वेळा असं झालं की छाती हवेनं भरलेली असूनही गुदमरल्यासारखं वाटू लागतं, आणि मग हातपाय झाडणं सुरू होतं. म्हणून पहिले आठ-दहा दिवस पोहण्याचा विषयच काढू नये. उथळ बाजूला कठडा धरून उभं राहावं, तोंडानं हवा घ्यावी, चेहरा पाण्यात घालावा आणि नाकातून सावकाश बुडबुडे सोडावेत. ओठ मिटून 'म्' असा हुंकार दिला तर हवा आपोआप एकसारखी सुटते. बुडबुडे संपत आले की तोंड वर, पुन्हा हवा, पुन्हा आत. असे वीस झाले की थांबावं. हा सराव घरी बादलीत चेहरा बुडवूनही करता येतो, आणि चार दिवसांआड नळ येणाऱ्या घरालाही तेवढं पाणी परवडतं.

हुंकार जमला की पाण्यावर पडून राहायला शिकायचं, आधी उताणं, मग पालथं. फुफ्फुसं म्हणजे शरीरातला तरंगणारा भाग. छाती वर राहते आणि पळून भरीव झालेले पाय खाली जातात. त्यात डोकं वर काढलं की पाय आणखी बुडतात, नांगरासारखे मागे लोंबतात आणि पुढे जाण्याऐवजी माणूस जागच्या जागी कष्ट करत राहतो. नजर थेट तळाच्या फरश्यांकडे ठेवावी. श्वास घेताना डोकं उचलू नये, अंगाबरोबर कुशीवर वळवावं; गॉगलचं एक भिंग पाण्यात आणि एक बाहेर राहिलं की वळण बरोबर झालं असं समजावं.

ज्यांचं लहानपण बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या खेड्यांत गेलं, त्यांची गोष्ट निराळी. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, पुढे पत्र्याचा डबा किंवा ट्रॅक्टरची ट्यूब बांधून हे लोक विहिरीत शिकले. काठावरून सूर आणि मुटके मारून त्यांची पाण्याची भीती कायमची गेली आहे. हे भांडवल फार मोठं आहे. शहरातल्या नवशिक्याला ते मिळवायला दोन महिने लागतात. पण विहिरीतलं पोहणं डोकं वर ठेवून असतं, आणि ठेवायलाच हवं, नाहीतर वरून कुणाचा मुटका पाठीत बसेल ते सांगता येत नाही. तीस-चाळीस फुटांच्या विहिरीला दहा फेरे मारताना त्याचा काही त्रास होत नाही. चारशे मीटरनंतर मात्र मान आखडते आणि कंबर खाली जाते. अशा पोहणाऱ्यानं 'मला येतं' म्हणून शिकवणी टाळू नये. त्याची जुनी सवय मोडणं हे नव्याला शिकवण्याइतकंच कठीण असतं, कधीकधी जास्तच.

पळणाऱ्यांची दुसरी खोड पायांची. पाण्यात शिरल्यावर ते जोरजोरात पाय मारतात, कारण आयुष्यभर पायांनीच पुढे नेलेलं असतं. मांडीचे स्नायू मोठे. ते बेफाम चालले की प्राणवायू तेच संपवतात, आणि पळून ताठरलेल्या घोट्यांमुळे त्या लाथांतून पुढे ढकलणारा जोर फारसा निघतच नाही. लांब अंतराच्या फ्रीस्टाईलमध्ये माणसाला पुढे नेतात ते मुख्यतः हात आणि अंगाचं वळणं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आठवावेत. मूळचे लष्करातले मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पायांतलं बळ गेलं आणि उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. दोन्ही पाय धडधाकट असलेले कितीतरी मॅरेथॉनवाले आज त्या वेळेच्या जवळपासही जात नाहीत. पाय हलके, लहान हालचालीचे, अंग आडवं राहण्यापुरते मारावेत. घोटे सैल करण्यासाठी रोज रात्री पाच मिनिटं वज्रासनात बसावं. महागड्या कुठल्याही साधनापेक्षा हे बरं. लांब पळून आल्याच्या दिवशी पाण्यात पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून पोहण्याचे दिवस शक्यतो हलक्या पळण्याच्या दिवसांना जोडावेत.

शिकायचं कुठे आणि कधी? सोलापुरात महापालिकेचा मार्कंडेय जलतरण तलाव आहे, शिवाय काही खासगी तलाव आहेत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की सगळं गाव पाण्यात उतरतं, त्यात शाळांच्या सुट्ट्या आणि मुलांची शिबिरं. त्या गर्दीत मोठ्या माणसानं शिकायला जाणं म्हणजे पैसे आणि उमेद दोन्ही घालवणं. जूनमध्ये शाळा उघडल्या की तलाव रिकामे होतात. प्रौढानं पास काढायचा तो तेव्हा. पास काढण्याआधी एकदा नुसतं जाऊन बघावं. खोल बाजूच्या तळाच्या रेषा काठावरून स्वच्छ दिसतात का, जीवरक्षक काठावर उभा असतो की कार्यालयात मोबाइल बघत बसतो, महिलांच्या बॅचची वेळ कोणती, दुरुस्तीसाठी तलाव वर्षातून किती दिवस बंद असतो, हे विचारून घ्यावं. शिकवणाऱ्या सरांना पहिल्याच दिवशी सांगावं की आपल्याला लांब अंतर पोहायचं आहे. नाहीतर बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस दिवसांत तलावाची रुंदी पार करायला लावून शिष्य तयार झाल्याचं जाहीर करतात.

चार महिने हाताशी असतील, तर पहिले तीन आठवडे अंतर मोजूच नये. श्वास, तरंगणं, कुशीवर वळणं एवढंच. पुढचे तीन आठवडे पंचवीस मीटरचे आठ-दहा तुकडे, मध्ये अर्धा-पाऊण मिनिट विसावा. नंतर पन्नासाचे, मग शंभराचे तुकडे, आणि तेही एकूण अंतर आठशे-हजार मीटरच्या आत. तिसरा महिना संपताना ७५० मीटर, म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात तीस लॅप, न थांबता जमायला हवेत. न जमले तर स्पर्धा पुढे ढकलावी. त्यात लाज कसली? आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं पोहणं हे रविवारी दोन तास पाण्यात बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कामी येतं. एखाद्या सोबत्याला काठावरून मोबाइलवर आपलं पोहणं टिपायला सांगावं, इतर कुणी त्यात येणार नाही एवढी काळजी घेऊन. आपण आडवे पोहतोय हा बहुतेकांचा समज ते चित्रण बघितल्यावर पहिल्या दहा सेकंदांत उतरतो.

साहित्यावर फार खर्च नको. चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल, टोपी, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा पोशाख. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात. वाफ धरू नये म्हणून गॉगलच्या आतून थोडी थुंकी लावून विसळणं हा जुना उपाय आजही चालतो. मानेला आणि काखेत व्हॅसलिन लावलं तर पोशाखाच्या घासण्यानं कातडी सोलवटत नाही. टॉवेलबद्दल मात्र सोलापूरकराला सल्ला देण्याची कुणाची प्राज्ञा नाही. वेटसूटचा नाद सोडावा. परदेशी चित्रफितींमध्ये तो सर्रास दिसतो, कारण तिकडचं पाणी थंड असतं. त्याच्या रबरामुळे अंग आणि पाय आयते वर तरंगतात. गोव्याच्या कोमट समुद्रात तो मिळणार नाही हे धरूनच सराव करावा.

तलावात जमलं की उघड्या पाण्याची ओढ लागते, आणि इथे सोलापूरच्या माणसानं सर्वांत जास्त सावध राहायला हवं. सिद्धेश्वर तलाव देवस्थानाचा, पोहण्याचा नव्हे. कंबर तलावाच्या नशिबी सांडपाणी आणि जलपर्णी आलेली. इंग्रज अमलात बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावात गाळ आणि पाणवनस्पती. उरतो उजनीचा जलाशय. ११७ टीएमसीचा हा पसारा काठावरून शांत दिसतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी यांच्या दरम्यान चाललेली प्रवासी बोट याच पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली. सहा जण बुडाले. बोटीतला एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर इथे वारा कधी उठेल याचा नेम नसतो. शिवाय तळाशी बुडालेली झाडं आणि पाण्यात पसरलेली मासेमारीची जाळी.

म्हणून उघड्या पाण्यातला सराव फक्त सकाळी, फक्त जाणत्या गटाबरोबर, स्थानिक परवानगी घेऊन आणि शेजारी होडी ठेवूनच करावा. जागा दाखवायला तिथला मासेमार बरोबर असावा. जाळी कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक असतं. कमरेला दोरीनं बांधलेला नारिंगी फुगा लांबून दिसतो आणि दमलं तर धरूनही राहता येतं. काठाला समांतर पोहावं, आत जाऊ नये. तिथे तळाच्या रेषा नसतात, म्हणून दर सहा ते दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघावी लागते. ही सवय आधी तलावात लावता येते: पलीकडच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पोहायचं. तिघा-चौघांनी मिळून एकाच पट्ट्यात मुद्दाम एकमेकांना धक्के देत पोहण्याचाही सराव करावा. स्पर्धेत दुसऱ्याचा पाय तोंडावर बसला की काय वाटतं, हे आधी ओळखीच्या माणसाकडून कळलेलं बरं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी नोंदणीआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, भले मॅरेथॉनची पदकं भिंतभर लटकत असोत. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांमध्ये १९८५ ते २०१६ या काळात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना संशोधकांनी गोळा केल्या. त्यातल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या होत्या. स्पर्धा सुरू होतानाची धडधड, गर्दी आणि एकदम लावलेला जोर हे तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात. त्यावर उपाय साधे आहेत. पाण्यात आधी पाच मिनिटं उतरून अंग सरावू द्यावं, सुरुवातीला मागे आणि कडेला उभं राहावं, पुढच्यांना मिनिटभर जाऊ द्यावं आणि पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश काढावेत. फ्रीस्टाईलच करायला हवी असा नियम नाही. ब्रेस्ट, उताणं, काहीही चालतं. पुढे न सरकता बचावाच्या कयाकला किंवा बोयाला धरून दम घ्यायलाही मुभा असते, आणि त्यासाठी कुणी बाद करत नाही. हात वर केला की मदत येते. छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर तिथेच थांबावं, पुढची स्पर्धा असतेच.

बाहेर येताना उठल्यावर चक्कर आल्यासारखं होतं, कारण इतका वेळ आडवं असलेलं शरीर अचानक उभं राहतं. शेवटचे पन्नास मीटर पाय जरा जास्त मारावेत, म्हणजे रक्त पायांकडे वळतं. तलावाच्या बाहेर सायकल लावून ठेवून, ओल्या अंगानं दहा किलोमीटर चालवण्याचा सराव तीन-चार वेळा तरी व्हायला हवा.

तेव्हा स्पर्धेचे हजारो रुपये आधी भरून मग पोहायला शिकायचं, हा उलटा क्रम कृपा करून टाळा. तलावात एक किलोमीटर न थांबता आणि होडीच्या सोबतीनं उघड्या पाण्यात दोनदा ७५० मीटर झाले, की मगच स्प्रिंटचा अर्ज भरा. गोव्याचा विचार त्यानंतर एका वर्षानं. आणि जूनमध्ये पास काढायला जाल तेव्हा घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींचाही एक पास काढा. उजनी आणि भीमेच्या या जिल्ह्यात ट्रायथलॉनशी काही देणंघेणं नसलेल्यांनाही पोहता यायला हवं.